जेवणाऐवजी शेक : दाव्यांचा हिशेब

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर हे कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. पुढे तेल कंपन्यांचे डेपो आले, विद्यापीठ आले, सदनिका उभ्या राहिल्या आणि शेतात राबणाऱ्यांची पुढची पिढी खुर्चीवर बसू लागली. वजने वाढली ती त्या ओघातच, आणि त्यांच्या पाठोपाठ वजन उतरवून देणारेही आले. येथील एका शिक्षिकेने आमच्याकडे एक पत्रक धाडले आहे. जेवणाऐवजी घ्यायच्या शेकचे, म्हणजे दुधात किंवा पाण्यात घुसळून प्यायच्या भुकटीचे. पत्रकावर तीन ठळक वाक्ये आहेत : १० दिवसांत ५ किलो वजन कमी, संपूर्ण जेवणाचे पोषण एका ग्लासात, मधुमेहापासून कायमची सुटका. बाईंनी सोबत लिहिले आहे, 'आमच्या शाळेत तिघीजणी हा शेक घेतात. एकीचे वजन खरोखरच उतरले आहे. मग यात खोटे ते काय?'

प्रश्न रास्त आहे. 'सगळे थोतांड' असे म्हणून तो उडवून लावता येणार नाही, कारण अशा शेकने वजन उतरते याला चांगला पुरावा आहे. कोणाचे, किती, कशामुळे आणि किती काळ, हे मात्र पत्रकात नाही. म्हणून ही तीन वाक्ये एकेक करून तपासू. पहिल्यासाठी नववीचे गणित पुरते.

दहा दिवस, पाच किलो

शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जेचा साठा. ५ किलो चरबी जाळायची तर ३८,५०० किलोकॅलरींची तूट हवी, म्हणजे १० दिवस रोज ३,८५०. आता खर्चाची बाजू पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० किलोकॅलरी आहे आणि ६५ किलोच्या पुरुषाची २,११०. या बाईंनी १० दिवस पाण्याशिवाय काहीही घेतले नाही, तरी तूट होईल १६,६०० किलोकॅलरींची. ती सगळी चरबीतून भागली असे धरले तरी २ किलोंच्या थोडे वर. वजन जास्त असेल तर खर्चही जास्त असतो हे खरे, पण रोज ३,८५० किलोकॅलरी जाळायला बैठे काम चालणार नाही, कुदळ घेऊन दिवसभर खणावे लागेल. तेही उपाशीपोटी!

शेकने प्रत्यक्षात काय साधेल? रात्रीचे जेवण ७०० किलोकॅलरींचे होते, त्या जागी २२० किलोकॅलरींचा ग्लास आला. रोजची तूट ४८०, महिन्याची १४,४००. म्हणजे महिन्याला पावणेदोन ते दोन किलो, तेही बाकीच्या दिवसात त्याची भरपाई झाली नाही तर. हा वेग वाईट नाही. कोणताही आहारतज्ज्ञ त्यावर समाधान मानेल. पत्रक छापणाऱ्याला तो पुरेसा वाटत नाही एवढेच.

तरीही पहिल्या आठवड्यात वजनकाटा भराभर खाली येतो, हे पुष्कळांनी अनुभवले आहे. काटा खोटे बोलत नाही. तो किलो मोजतो, चरबी मोजत नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. हा कर्बोदकांचा तात्पुरता साठा असून त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे एकदम कमी झाले की प्रथम हा साठा वापरला जातो आणि धरलेले पाणी मोकळे होऊन लघवीवाटे जाते. पूर्ण साठा रिकामा झाला तर दीड-दोन किलो असेच गेले. त्यात मीठ कमी पोटात जाते, आतड्यातला ऐवज कमी होतो. चार दिवस नेहमीसारखे जेवले की यातले बहुतेक सगळे परत येते. वजन मोजण्याचा कार्यक्रम पहिल्या आठवड्यातच मोठ्या उत्साहाने का होतो, हे यावरून कळावे.

बऱ्याच ठिकाणी एक छोटे यंत्र हातात धरायला देतात आणि 'शरीरातील चरबी ३४.२ टक्के' असा दशांश चिन्हासह आकडा सांगतात. हे यंत्र शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा रोध मोजते. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून प्रवाह सहज जातो, चरबीतून अवघड जातो. त्या रोधावरून आणि उंची, वजन, वय, लिंग यांवरून ते एका सूत्राने चरबीचा अंदाज काढते. अंदाज म्हणून ते ठीक. परंतु आपण नुकतेच पाणी प्यालो, घाम गाळून आलो किंवा ग्लायकोजेनबरोबरचे पाणी गमावले, तर चरबी तेवढीच असूनही आकडा हलतो. दशांशाला विज्ञानाचा दर्जा देण्याची खोड आपल्याला शाळेपासूनच लागलेली असते, त्याचा हा फायदा घेणे आहे.

ग्लासात काय आहे

दुसरे वाक्य 'संपूर्ण जेवणाचे पोषण'. यासाठी एक मोजपट्टी उपलब्ध आहे. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९१ साली वजन नियंत्रणासाठीच्या अशा तयार अन्नाचे मानक केले. एका जेवणाची जागा घ्यायची तर त्यात किमान २०० आणि कमाल ४०० किलोकॅलरी हव्यात. त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात, स्निग्ध पदार्थांतून ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. शिवाय जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा ठरलेला वाटा हवा.

आता भुकटीचा हिशेब करा. प्रथिने आणि कर्बोदके दर ग्रॅमला सुमारे ४ किलोकॅलरी देतात. २५ ग्रॅमच्या मापात, ओलावा आणि चोथा वगळता, फार तर १०० किलोकॅलरी येतील. म्हणजे पाण्यात घोळलेला असा ग्लास मानकाच्या निम्म्यावरच राहतो. २०० मिलिलीटर टोन्ड दुधात केला तर दुधाच्या सुमारे १२० मिळून २२० होतात. भुकटीतली ९ ग्रॅम प्रथिने धरली तर दुधातल्या ६ ग्रॅमसह १५ ग्रॅम होतात आणि ग्लास मानकात बसतो. थोडक्यात, 'संपूर्ण जेवणा'तली निम्म्याहून जास्त ऊर्जा आणि ४० टक्के प्रथिने गवळ्याकडून आलेली असतात. डब्याची किंमत भागिले मापे हा भागाकार वाचकांनी स्वतः करावा आणि त्याशेजारी दुधाचा भाव लिहावा.

आपल्याकडचा कायदा याबाबत बराच कडक आहे. अन्नाच्या जाहिराती व दाव्यांविषयी २०१८ साली झालेल्या नियमांप्रमाणे, अन्य नियमांनी खास परवानगी दिल्याशिवाय कोणताही खाद्यपदार्थ 'जेवणाला पर्याय' म्हणून पुढे करता येत नाही. पत्रके छापणाऱ्यांपैकी किती जणांनी हे नियम वाचले असतील, याची शंकाच आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मीड जॉन्सन या कंपनीने १९५९ साली मेट्रेकल नावाची भुकटी बाजारात आणली. आजारी माणसांना द्यायच्या पोषक पेयातूनच ती निघाली होती. दिवसभराचे सगळे अन्न ९०० किलोकॅलरींत, ही तिची योजना. पुढे १९७०च्या दशकात तिथेच 'द्रव प्रथिने' पिऊन राहण्याची लाट आली. दिवसाला ३००-४०० किलोकॅलरी, आणि प्रथिन कोणते, तर जनावरांच्या कातड्यापासून व स्नायुबंधांपासून काढलेले कोलॅजेन. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जवळजवळ नसते. नायट्रोजन मोजून 'एवढी प्रथिने' असे लेबलवर लिहिता येते, पण शरीराला त्यापासून आपली प्रथिने बांधता येत नाहीत. त्यात पोटॅशियमसारख्या खनिजांची उणीव. १९७७-७८ पर्यंत सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील अनेक जण हृदयाचे ठोके बिघडून अचानक गेले. आजच्या भुकट्यांत सोयाबीनची किंवा दुधाची चांगल्या दर्जाची प्रथिने असतात, त्यामुळे तो धोका त्यांना जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. परंतु लेबलवरच्या 'प्रथिने' या एका शब्दावर विसंबू नये, हे त्या प्रकरणातून वर्गात उत्तम शिकवता येते.

मग वजन उतरते ते कशाने

जेवताना आपण किती खातो याचा आपला अंदाज फार कच्चा असतो, आणि जवळजवळ नेहमी कमीच असतो. त्यात आपल्या घरांत वाढणारा हात दुसऱ्याचा. 'अर्धीच घ्या' म्हणत ताटात पडलेली भाकरी मोजली जात नाही, वरून सोडलेली तुपाची धार तर नाहीच. शेक ही अडचण एका फटक्यात दूर करतो. माप ठरलेले, निवड नाही, आग्रह नाही. त्याचा खरा गुण हाच आहे, आणि तो लहान नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत अलीकडच्या वर्षांत घरोघरी पोचली. तिच्यामागे दिलेली कारणे काहीही असोत, खाण्याच्या वेळा कमी करून निर्णय सोपे करणे हा भाग तिच्यातही आहे. फरक एवढाच की तिला डबा लागत नाही.

अमेरिकेत ५,१४५ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या लुक अहेड या दीर्घ अभ्यासात एका गटाला शेकसारखे पर्यायी जेवण फुकट दिले, सोबत नियमित सल्ला आणि व्यायाम होता. वर्षाअखेर या गटाचे वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले, तर दुसऱ्या गटाचे ०.७ टक्क्यांनी. ज्यांनी हे पर्यायी जेवण जास्त वेळा घेतले त्यांचे वजन जास्त उतरले, असेही दिसले. अर्थात जो शेक नेमाने घेतो तो व्यायामही नेमानेच करत असतो, त्यामुळे सगळे श्रेय ग्लासाला देता येत नाही. सुमारे १० वर्षांनी फरक ६ टक्के विरुद्ध ३.५ टक्के एवढा उरला, आणि हृदयविकाराचे प्रमाण कमी करण्याचा मूळ हेतू साधला नाही म्हणून २०१२ साली हा प्रयोग थांबवण्यात आला.

आपल्या वाचकांसाठी याहून महत्त्वाचे काम पुण्यातच झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा देहभारांक, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, सारखाच : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या ६ गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांतही आढळली. इथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंनी बरीच बारीक, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय' ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. त्यामुळेच आपल्याकडे देहभारांक २३ ओलांडला की वजन जास्त, २५ पासून स्थूलता, आणि कमरेचा घेर पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याचा, असे मानतात.

याचा शेकशी संबंध असा. खाणे कमी करून वजन उतरते तेव्हा केवळ चरबी जात नाही. साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा असतो, आणि व्यायाम नसेल, प्रथिने अपुरी असतील तर अधिक. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी त्याने त्यातूनही खर्च केला आणि नंतर वजन परत आले, तर येते ते बहुतांशी चरबी म्हणून. वजन पूर्वीइतके, पण शरीर पूर्वीपेक्षा वाईट! लोणी काळभोरच्या माणसाला म्हणूनच वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगाची आहे. पोटाचा घेर कमी होतो का, जिने चढण्याची ताकद टिकते का, हे पाहावे. केवळ ग्लास बदलून ताकद टिकत नाही. चालणे आणि त्याबरोबर थोडे वजन उचलण्याचे, उठाबशांसारखे व्यायाम लागतात.

भाकरीशी तुलना करून पाहू. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, तीत एक चमचा तेल, आणि पेलाभर ताक. सगळे मिळून सुमारे ३८० किलोकॅलरी, १४ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅमच्या आसपास चोथा. शेकमध्ये ऊर्जा कमी आहे, हे मान्य केले पाहिजे, आणि प्रथिने बरोबरीची आहेत. परंतु चावण्याचे काम आणि चोथा भाकरीत आहेत, त्यामुळे भूक जास्त वेळ थांबते. शेक घेणाऱ्यांची बद्धकोष्ठाची तक्रार याच उणिवेतून येते. आणखी एक गोष्ट डब्यात मिळत नाही : मोजून जेवण्याचा सराव. सहा महिने दुसऱ्याच्या मापाने प्यायल्यावर सातव्या महिन्यात ताटासमोर बसायचेच असते.

शाळेतल्या तिघींबद्दल एक वेगळी चिंता वाटते. हे शेक बहुधा दुकानात विकले जात नाहीत. घेणारा पुढे विकणारा होतो, आणि त्याने जोडलेल्या माणसांच्या खरेदीवर त्याला हिस्सा मिळतो. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आणि पिरॅमिड योजनांना बंदी घातली, पण नियमात बसणाऱ्या विक्रीतही विकणाऱ्याचे स्वतःचे वजन हीच जाहिरात असते. अशा विक्रीला गावात शिक्षिकेइतके मोलाचे माणूस दुसरे नाही. 'बाई स्वतः घेतात' या एका वाक्यावर पालक विश्वास टाकतात. गोष्ट पालकांपाशी थांबत नाही. आठवी-नववीच्या मुली ऐकत असतात, आणि त्या वयात हाडे, रक्त, स्नायू सगळे घडत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आढळले, आणि त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. एकाच वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतल्या मुली बसलेल्या असतात. वाढीच्या वयात, गरोदरपणात आणि बाळाला दूध पाजणाऱ्या आईने जेवणाऐवजी शेक घेऊ नये, याविषयी दुमत नाही.

मधुमेहापासून सुटका

तिसरे वाक्य सर्वांत धाडसी, आणि गंमत अशी की त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे. ब्रिटनमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग केला. टाइप २ मधुमेहाच्या ३०६ रुग्णांपैकी निम्म्यांना ३ ते ५ महिने फक्त शेक आणि सूप यांवर, दिवसाला ८२५ ते ८५३ किलोकॅलरींवर ठेवले. मग हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले आणि दोन वर्षे पाठपुरावा केला. वर्षाअखेर यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात ४ टक्के. १५ किलो किंवा अधिक वजन उतरलेल्यांत तर ८६ टक्के. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली की इन्शुलिनचे काम सुधारते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. हे निष्कर्ष फार मोलाचे आहेत. मात्र दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, आणि ज्यांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला त्यांच्यात पाच वर्षांनी सुमारे १३ टक्के उरले. 'कायमची' हा शब्द त्या संशोधकांनी कोठेही वापरलेला नाही. ते 'शमन' म्हणतात.

आणि या प्रयोगाची एक अट पत्रकातून पूर्ण गळाली आहे. शेक सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी रुग्णांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. गरज पडेल तेव्हा ती पुन्हा सुरू करायला परिचारिका आणि आहारतज्ज्ञ नेमलेले होते. खाणे निम्म्यावर आले आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन पूर्वीच्याच मापाने चालू राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते : घाम सुटणे, थरथर, भ्रम, प्रसंगी बेशुद्धी. सकाळी गाळ्यात ग्लास हातात देणारा माणूस गोळ्यांची चिठ्ठी पाहत नाही, आणि पाहिली तरी ती बदलण्याचा त्याला अधिकार नाही. अशा पूरक आहाराच्या डब्यांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ती ओळ शोधून पाहावी. ज्या तिघी शेक घेत आहेत त्यांच्यापैकी कोणाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि तशाच चालूही ठेवू नयेत. गोळ्यांची चिठ्ठी आणि शेकचा डबा दोन्ही घेऊन याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना भेटावे.